सकाळी सात ते साडेसात : एका शुभंकराचे प्रकरण

हे प्रकरण साताऱ्यातील एका दांपत्याचे आहे. त्यातील पत्नी शुभंकर, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारी व्यक्ती. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यांची कारणे मात्र आहेत तशी ठेवली आहेत. पती एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. नऊ वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्या आजाराचे, निदान झाले. पत्नी चौसष्ट वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. मुलगा नोकरीसाठी पुण्यात राहतो आणि मुलगी कोल्हापुरात दिलेली आहे. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून आठवड्यातून दोन वेळा त्यांच्या घरी जात असे. कागदोपत्री माझे रुग्ण सर होते, आणि पहिले सात महिने मी काकूंकडे केवळ सरांना उठवणारे, बसवणारे दोन हात म्हणूनच पाहिले. हे सुरुवातीलाच नमूद करते, कारण या प्रकरणातील पहिली चूक तीच होती.

काकूंच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला होता. शाळेच्या जुन्या हजेरीपटासारख्या आखलेल्या रकान्यांत सरांच्या गोळ्यांच्या पाच वेळा लिहिलेल्या होत्या: सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री दहा. गोळी दिली की त्या रकान्यात खूण होत असे, आणि मी महिनेच्या महिने पाहत आले तरी त्यात एकही रकाना रिकामा आढळला नाही. लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातात हालचाल मोकळी ठेवणाऱ्या औषधाची, गोळी अर्धा-पाऊण तास पुढेमागे झाली तर सरांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, हे त्या अनुभवाने जाणत होत्या आणि म्हणून घड्याळाला बांधून घेतल्यासारख्या वागत होत्या. त्याच फ्रिजवर, तक्त्याच्या बरोबर वर, एक स्टीलचा डबा असे. एकदा इंचटेप ठेवायला जागा करताना मी तो उघडला. आत काकूंच्या स्वतःच्या गोळ्या होत्या. महिना संपत आला होता आणि रक्तदाबाच्या पंधरा गोळ्यांच्या पट्टीतल्या अकरा गोळ्या तशाच होत्या.

मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, यांचं आटोपलं की घेईन म्हणते आणि मग राहूनच जातं. माझं काय, मी धडधाकट आहे." मी मान डोलावली, स्वतःकडे लक्ष द्यायला सांगितले आणि सरांचा व्यायाम सुरू केला. असे सांगण्याचा उपयोग शून्य होता. ज्या बाईच्या दिवसात अर्ध्या तासाची उसंत नाही तिला स्वतःकडे लक्ष द्या असे सांगणे म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर घालणे होय, हे मला पुढच्या घटनेनंतर उमगले.

ती घटना उन्हाळ्यातल्या एका सकाळची. काकू पहाटे पाचला उठल्या होत्या. रात्री सरांना लघवीसाठी तीनदा आणि कूस बदलून देण्यासाठी दोनदा उठवावे लागले होते. कंपवातात अंग रात्री अधिक ताठरते आणि अंथरुणात स्वतःहून वळणे हे चालण्यापेक्षाही अवघड होऊन बसते. साडेसहाला त्यांनी चहाच्या घोटाबरोबर स्वतःची मधुमेहाची गोळी घेतली. तेवढी एक त्या आठवणीने घेत, कारण ती चहाच्या डब्याशेजारी असे. ती ग्लिमेपिराइडची गोळी होती, म्हणजे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी, आणि तिच्यामागोमाग पोटात अन्न जाणे अपेक्षित असते. त्यांच्या पोटात मात्र सकाळी अकरापर्यंत काही जात नसे, कारण सरांचे तोंड धुणे, नाश्ता, शौच आणि आंघोळ यांतच साडेदहा वाजत. त्या दिवशी साडेनऊच्या सुमारास सरांना न्हाणीघरातल्या स्टुलावर बसवून गरम पाण्याची बादली आणताना त्या उंबऱ्याशीच कोसळल्या. सर समोर बसलेले होते. त्यांना सगळे दिसत होते, पण उठता येत नव्हते, आणि या आजाराने त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की त्यांची हाक शेजारी पोहोचली नाही. दूधवाल्याचा हिशोब द्यायला आलेल्या शेजारीणबाईंनी दार ढकलले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. त्यांच्या ग्लुकोमीटरवर साखर ५१ दिसली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. काकू शुद्धीवर होत्या, पण बोलणे असंबद्ध झाले होते. साखरेचे पाणी पोटात गेल्यावर त्या सावरल्या. सर तोवर ओल्या अंगाने स्टुलावरच बसून होते.

त्या दिवसानंतर सरांनी दोन दिवस जेवण टाकले. अस्पष्ट आवाजात ते मला एवढेच म्हणाले, "माझ्यापायी तिचा जीव गेला असता." या वाक्याने मला या प्रकरणाकडे नव्याने पाहायला लावले. काकूंची आबाळ ही काकूंपुरती राहिलेली नव्हती; सरांच्या उपचारांची सगळी मांडणी ज्या एका माणसावर उभी होती, त्या माणसाच्या प्रकृतीची कोणत्याही कागदावर नोंद नव्हती. आमच्या फाइलमध्ये सरांच्या पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली होती आणि काकूंची झोप किती होते हे एकदाही विचारलेले नव्हते.

काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली असते. अमेरिकेतील स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ती तयार केली. आज प्रचलित असलेल्या रूपात तिच्यात २२ प्रश्न असून प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात. मी ती पुढच्याच भेटीत काढली आणि प्रश्न मराठीत विचारत गेले. स्वतःसाठी वेळ मिळत नाही असे वाटते का? "कधीच नाही." चिडचिड होते का? "कधीच नाही." बहुतेक उत्तरे अशीच आली, आणि बेरीज पाहिली तर साताऱ्यात यांच्याइतके निश्चिंत कोणीच नसावे असे वाटले असते. चूक माझीच होती: सर दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसलेले असताना मी हे प्रश्न विचारत होते. त्यांच्यासमोर "होय, मला ओझे होते" असे कोणती पत्नी म्हणेल? दुसऱ्या वेळी आम्ही दोघी गच्चीवर वाळवण उचलायला गेलो तेव्हा मी प्रश्नावली खालीच ठेवली आणि फक्त विचारले की, सलग चार तास झोप शेवटची कधी लागली होती. त्या बराच वेळ कुरडयांचे ताट हातात धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "परवा मी यांना हिसका दिला, ताई. शर्टात हात घालत नव्हते म्हणून. नऊ वर्षांत असं कधी केलं नव्हतं." त्यानंतर त्या रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

त्या हिसक्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरच्यांना न दिसणारी गोष्ट त्यात आहे. कंपवाताच्या माणसाला शर्टाची बटणे स्वतः लावायला दहा-बारा मिनिटे लागतात. काळजी घेणाऱ्याला विश्रांती मिळालेली असेल तर तो ती दहा मिनिटे थांबू शकतो. दमलेला असेल तर स्वतः बटणे लावून मोकळा होतो. काकू गेल्या वर्षभरात अशाच मोकळ्या होत गेल्या होत्या. आधी बटणे, मग दाढी, मग घास भरवणे. यातली प्रत्येक गोष्ट सरांना वेळ दिला असता तर जमण्यासारखी होती, आणि सोडून दिलेले काम या आजारात लवकर हातातून जाते. मी आठवड्यातून दोनदा येऊन त्यांच्या बोटांचा व्यायाम घेत होते आणि उरलेल्या दिवसांत बोटांना कामच उरत नव्हते. काकूंचा थकवा सरांच्या अंगात असा उतरत होता, आणि हे सगळे प्रेमापोटी घडत होते.

उपाय शोधताना आम्ही सगळ्यात आधी सकाळ उलगडून पाहिली. सात वाजताची गोळी सरांना कशाबरोबर दिली जाते, असे मी विचारले. "कपभर दुधाबरोबर, पोटात जळजळ नको म्हणून." लेव्होडोपाचे शोषण होताना आहारातील प्रथिने तिच्या वाटेत येतात, म्हणून ही गोळी शक्यतो पाण्याबरोबर आणि खाण्याच्या अर्धा तास तरी आधी देतात. मी पुण्यात त्यांना तपासणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी गोळी सातला पाण्याबरोबर आणि नाश्ता साडेसातच्या पुढे द्यायला सांगितले. मळमळ झाली तर कळवा, असेही म्हणाले. ती झाली नाही.

आता सात ते साडेसात या अर्ध्या तासात सरांना काही द्यायचे नव्हते. ते खुर्चीत बसून गोळी लागू पडण्याची वाट पाहणार होते. त्यांच्या औषधानेच तो अर्धा तास रिकामा ठेवला होता. मी काकूंना म्हणाले की ही वेळ तुमच्या नाश्त्याची. तुमची मधुमेहाची गोळी आणि तुमचे ताट दोन्ही याच वेळात. त्यांच्या डॉक्टरांनीही दरम्यान गोळीची मात्रा कमी केली होती आणि ती नाश्त्याच्या घासाबरोबरच घ्यायची अशी ताकीद दिली होती.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात काकूंच्या घशाखाली घास उतरेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या सरांच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या. "हे उपाशी समोर बसलेत आणि मी खाऊ?" असे त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न मी कुठल्याही वैद्यकीय कारणाने खोडू शकत नव्हते. पहिले चार दिवस त्यांनी स्वयंपाकघरात उभ्याने, ओट्याकडे तोंड करून अर्धी पोळी खाल्ली. पाचव्या दिवशी सरांनीच हा तिढा सोडवला. त्यांनी खुणेने तक्ता आणि पेन मागवले. कंपवातात अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. ते मोठे ठेवण्याचा सराव मी त्यांना दुरेघी वहीत देत होते. त्या सरावातल्या अक्षरात, पंधरा मिनिटे घेऊन, त्यांनी तक्त्याच्या खाली एक नवीन ओळ लिहिली: सकाळी ७.१०, हिचा नाश्ता व गोळी. संध्याकाळी ८, हिची रक्तदाबाची गोळी. त्या ओळीतल्या खुणा ते स्वतः करू लागले. खूण करायची म्हणजे समोर बसून खाताना पाहणे आले, म्हणून काकूंचे ताट ओट्यावरून सरांसमोरच्या टेबलावर आले. मुख्याध्यापकाच्या हजेरीपटात आपले नाव लागल्यावर काकूंना गैरहजर राहणे जमले नाही, असे मला वाटते.

गोळी दुधापासून वेगळी केल्याचा फायदा आंघोळीतही दिसला. आठच्या सुमारास सरांचे अंग पूर्वीपेक्षा मोकळे असे, आणि तीच वेळ आंघोळीसाठी धरली. काकू काखेत हात घालून त्यांना ओढून उठवत असत. त्यामुळे त्यांचा उजवा खांदा आखडला होता, आणि मधुमेहात खांदा आखडण्याचा धोका तसाही अधिक असतो. सरांनी आधी खुर्चीच्या कडेला सरकायचे, पावले गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकायचे आणि मग तीन म्हणताच उठायचे, काकूंनी फक्त पाठीशी हात ठेवायचा, हे मी पुन्हा घटवून घेतले. दारात पाय अडकले की हात धरून न ओढता जमिनीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या ओलांडायला सांगायचे. रात्रीसाठी काकूंची एक जुनी रेशमी साडी घडी करून गादीवर, फक्त कमरेखालच्या पट्ट्यात, घट्ट खोचली. गुळगुळीत कापडावर कूस वळायला कमी जोर लागतो. काठाकडे मात्र सुती चादरच ठेवली, नाहीतर उठून बसताना घसरण्याची भीती असते. आठवड्यात सर बहुतेक वेळा स्वतः वळू लागले, आणि काकूंचे रात्रीचे दोन हेलपाटे वाचले.

मुलांशी बोलणे यापेक्षा कठीण गेले. दोघेही आईवडिलांवर जीव टाकणारी मुले. मुलगा रोज फोनवर म्हणत असे, "आई, काही लागलं तर सांग," आणि काकू रोज म्हणत, "काही नको रे." हा संवाद कितीही मायेचा असला तरी त्यातून काकूंचा एक मिनिटही मोकळा होत नव्हता, कारण काय लागेल ते शोधण्याचे आणि मागण्याचे कामही त्यांच्याच माथी होते. मी दोघांना एकत्र फोनवर घेऊन नेमकी कामे आणि नेमके तास मागितले. बारा तासांचा ब्युरोचा माणूस ठेवणे पेन्शनीत बसत नव्हते. म्हणून रोज सकाळी आठ ते दहा आंघोळीपुरता एक अनुभवी मामा, म्हणजे रुग्णसेवक, ठेवला आणि त्याचा पगार मुलाने उचलला. महिन्यातले दोन शनिवार मुलगा साताऱ्यात येऊन वडिलांच्या खोलीत झोपतो आणि काकू दुसऱ्या खोलीत दार लावून झोपतात. मुलगी दुपारी साडेतीनला कोल्हापुरातून व्हिडिओ कॉल लावते आणि सर तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात. खोल गेलेल्या आवाजासाठी मोठ्याने बोलण्याचा सराव उपयोगी पडतोच. त्या वेळी काकू बाहेर जाऊ शकतात, कारण मुलीची नजर वडिलांवर असते आणि शेजारीणबाईंकडे किल्ली असते.

सुटलेल्या वेळाचे काकूंनी काय केले? पहिल्या आठवड्यात त्यांनी पितळेची भांडी घासली, माळा आवरला आणि मसाल्यांचे डबे उन्हात टाकले. मुलगी माझ्याकडे तक्रार करू लागली की आईला आरामच करता येत नाही. मी काही सुचवले नाही. मागे पडलेल्या घराचा सल त्यांच्या मनात इतके दिवस होता, आणि तो निघाल्याशिवाय विश्रांती लागणार नव्हती. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी गेले तेव्हा सर वाचत होते आणि काकू आतल्या खोलीत गाढ झोपल्या होत्या. पुढे त्या साताऱ्यातल्या 'चार भिंती' या जुन्या स्मारकाच्या बाजूला फिरायला जाऊ लागल्या. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या स्वमदत गटाविषयी मी त्यांना सांगितले होते. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हा शब्द काकूंना फार आवडला, आणि त्या मला एकदा म्हणाल्या की इतकी वर्षे मी जे करते त्याला नाव आहे हे माहीत नव्हते.

अशा ओढाताणीचा शरीरावर परिणाम होतो याची नोंद संशोधनात आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या शुल्झ आणि बीच यांच्या अभ्यासात, जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला होता. त्याच अभ्यासातली दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते: काळजी घेत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांच्यात हा धोका तसा वाढलेला दिसला नाही. त्यामुळे सरांची सेवा काकूंकडून काढून घेणे हे उद्दिष्ट असण्याचे कारणच नव्हते, आणि त्यांना ते सहनही झाले नसते. त्यांच्या मनगटावरचा तव्याचा चटका मात्र मी आल्यापासून ओला दिसत होता. साखर आटोक्यात आली, झोप थोडी वाढली आणि तो चटका महिन्याभरात सुकला. यातले श्रेय कशाला किती, हे मी सांगू शकत नाही.

पाच महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे. साखर पुन्हा कोसळलेली नाही. रक्तदाबाच्या गोळीच्या ओळीत रिकामे रकाने आहेत, पण महिन्याला दोन-तीनच. सर शर्टाची वरची दोन बटणे सोडून बाकीची स्वतः लावतात आणि मामा तोवर थांबतो. रात्रींचा प्रश्न सुटलेला नाही: लघवीसाठी अजूनही दोनदा उठावे लागते, शनिवार वगळता ते काकूंनाच करावे लागते, आणि आजार पुढे सरकेल तसा हा भार वाढणार आहे. रात्रीच्या माणसाचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा काकूंनी नकार दिला. तिसऱ्यांदा मी सरांच्या तपासणीच्या वेळी, मुलगा समोर असताना काढणार आहे.

गेल्या मंगळवारी काकूंनी स्वतःहून एक गोष्ट विचारली. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यांनी दोन वर्षे पुढे ढकलली होती. सरांच्या गोळ्यांच्या पट्टीवरची बारीक अक्षरे त्या आता बोटाने चाचपून ओळखत होत्या. "ऑपरेशननंतर किती दिवस वजन उचलायचं नाही आणि वाकायचं नाही, ते डॉक्टरांना विचारून घेते," त्या म्हणाल्या, "आणि तेवढे दिवस यांच्याजवळ कोण, ते आपण आजच लिहून काढू." सरांनी दुरेघी वही उघडली. पहिल्या तीन रात्री मुलगा, पुढचा आठवडा मुलगी, मामाचे दोन तास वाढवून चार, आणि काकूंच्या डोळ्यांत थेंब घालण्याच्या वेळा सरांच्या गोळ्यांच्या वेळांना जोडून, एवढे लिहायला त्यांना चाळीस मिनिटे लागली. शेवटच्या ओळीतले अक्षर बारीक झाले होते, म्हणून त्यांनी ती ओळ खोडून पुन्हा मोठ्या अक्षरात लिहिली.